मदत मिळते की मदत लागते? स्ट्रोकच्या चाचण्यांत अपंगत्व नीट कसं मोजायचं

स्ट्रोकनंतर (पक्षाघातानंतर) नव्वदाव्या दिवशी फोन लागतो. पलीकडे सूनबाई असतात. "बाबांचं सगळं आम्हीच करतो. जागचं उठूसुद्धा देत नाही त्यांना." फोन करणारा कागदावर अपंगत्वाचा गुण म्हणून ४ लिहितो. दोन दिवसांनी दुसरा रेटर, म्हणजे गुण देणारा, फोन करतो, त्याला खुद्द बाबा भेटतात. "आंघोळ माझी मी करतो. सकाळी काठी घेऊन देवळापर्यंत जाऊन येतो. बँकेचं तेवढं मुलगा बघतो." हा कागदावर ३ लिहितो. माणूस तोच, आठवडाही तोच, आकडे मात्र दोन. यातला कुठलाही आकडा चाचणीत, म्हणजे उपचार तपासणाऱ्या अभ्यासात, गेला तरी तो चुकीचाच असू शकतो, हे पुढे दिसेलच.

मी असे फोन करते आणि नव्या रेटरना ते करायला शिकवते. न्यूरॉलॉजीचे निवासी डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, चाचणीचे कोऑर्डिनेटर, ज्या कुणाच्या हाती अपंगत्व मोजण्याचा रँकिनचा फॉर्म येतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी पट्टी ओळखून घ्या

ग्लासगोचे डॉ. जॉन रँकिन यांनी १९५७ मध्ये साठीपुढच्या स्ट्रोक रुग्णांचं पुढे काय होतं हे मांडताना पाच पायऱ्यांची एक साधी पट्टी वापरली. १९८०च्या दशकात ब्रिटनमधल्या टीआयएच्या (थोड्या वेळात ओसरणाऱ्या स्ट्रोकच्या) मोठ्या चाचणीसाठी ती सुधारली गेली आणि तिला शून्याची पायरी जोडली गेली. मृत्यूसाठी ६ हा आकडाही आता सर्रास धरतात. हीच मॉडिफाइड रँकिन स्केल, बोलताना एमआरएस.

० : कुठलंही लक्षण नाही.
१ : काही लक्षणं आहेत, पण पूर्वीची सगळी कामं आणि व्यवहार करता येतात.
२ : पूर्वीचं सगळं जमत नाही, पण स्वतःचं स्वतः बघता येतं, कुणाची मदत लागत नाही.
३ : थोडी मदत लागते, पण दुसऱ्या माणसाच्या मदतीशिवाय चालता येतं.
४ : माणसाच्या मदतीशिवाय चालता येत नाही, किंवा शरीरधर्म उरकता येत नाहीत.
५ : अंथरुणाला खिळलेला, दिवसरात्र कुणीतरी जवळ हवंच.
६ : मृत्यू.

चौथ्या पायरीच्या मूळ इंग्रजी व्याख्येत चालणं आणि शरीरधर्म हे दोन्ही "आणि"ने जोडलेले आहेत. प्रश्नावलीने मुलाखत घेताना मात्र जेवण, शौचालय, रोजची स्वच्छता किंवा चालणं यांपैकी एकासाठीही माणूस अत्यावश्यक असेल तर ४ धरतात. तुमच्या चाचणीत कोणता अर्थ लावायचा, हे पहिला रुग्ण येण्याआधीच लेखी ठरवा. अर्ध्या वाटेवर हा अर्थ बदलला की आधीचे आणि नंतरचे आकडे एका पट्टीवरचे राहत नाहीत.

एनआयएचएसएस आणि बार्थेल इंडेक्स हे या पट्टीचे पर्याय नव्हेत. एनआयएचएसएस ० ते ४२ मध्ये हात किती उचलला, नजर कुठे वळली असे शरीरातले दोष मोजतो. बार्थेल १९६५चा आहे, दहा बाबी, शंभरपैकी गुण. जेवणं, कपडे, जिना हे तो छान पकडतो. पण शंभरपैकी शंभर मिळवलेला माणूस पुन्हा दुकानाच्या गल्ल्यावर बसू शकतो की नाही, हे त्याला कळत नाही. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, टीपीए या रक्ताची गाठ विरघळवणाऱ्या औषधाच्या ६२४ रुग्णांवरच्या अमेरिकी चाचणीत तीन महिन्यांनी चार पट्ट्या एकत्र वापरल्या होत्या. त्यानंतर बहुतेक मोठ्या चाचण्यांचा मुख्य निकाल एमआरएसवरच ठरत आला आहे. नेदरलँड्समधली ५०० रुग्णांची एमआर क्लीन चाचणी घ्या. रक्तवाहिनीतून रक्ताची गाठ काढण्याचा उपचार जगभर रुळला, त्यात या चाचणीचा मोठा वाटा आहे. तिथे नव्वदाव्या दिवशी ० ते २ मध्ये असलेले रुग्ण उपचाराच्या गटात ३२.६ टक्के होते, दुसऱ्या गटात १९.१ टक्के. हे आकडे मोठ्या प्रमाणात फोनवरच्या बोलण्यातूनच आले.

चूक किती महाग पडते

१९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये १०० रुग्णांना दोन दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे गुण दिले. ६५ रुग्णांबाबत दोघांचं एकमत झालं, ३२ जणांबाबत एका पायरीचा फरक पडला, तिघांबाबत दोन पायऱ्यांचा. यातून कॅपा निघाला ०.५६. कॅपा म्हणजे योगायोगाने जुळणारे निकाल वजा करून उरलेलं एकमत. १०० पैकी २० निकाल निव्वळ योगायोगाने जुळले असते असं धरा. मग ६५ मधून २० वजा केले तर ४५ उरतात, आणि त्यांना ८० ने भागलं की ०.५६ येतं.

त्याच अभ्यासात वेटेड कॅपा, म्हणजे चूक किती मोठी त्यानुसार वजन देऊन काढलेला कॅपा, ०.९१ होता. अहवालात हाच आकडा मिरवला जातो आणि वाचणारा निर्धास्त होतो. वेटेड कॅपाच्या त्या प्रकारात एका पायरीच्या चुकीला जवळजवळ माफी असते. पण चाचणीचा निकाल "० ते २ विरुद्ध ३ ते ६" असा लावला असेल, तर २ आणि ३ मधली एका पायरीची चूक यशाचं अपयश करते. म्हणून दोन्ही कॅपा द्या, आणि त्यासोबत २ आणि ३ च्या सीमेवरची असहमती वेगळी मोजून द्या.

हिशेब करून बघा. खरी परिस्थिती अशी समजा की चांगला निकाल एका गटात ४० टक्के आणि दुसऱ्यात ५० टक्के. प्रत्येक दहापैकी एका रुग्णाला सीमेच्या चुकीच्या बाजूला टाकलं गेलं, तर दिसणारे आकडे ४२ आणि ५० होतात. दहाचा फरक आठवर आला. ८० टक्के ताकदीच्या, म्हणजे खरा फरक पकडण्याची ८० टक्के शक्यता असलेल्या, चाचणीला आधी साधारण ७७० रुग्ण पुरले असते, आता १,२००हून थोडे जास्त लागतील. मोजमापातल्या ढिलाईची किंमत चारशेहून अधिक कुटुंबं भरतात. त्यांची संमती, त्यांच्या फेऱ्या, त्यांची आशा यात जाते. हे मला फार लागतं.

पहिलं काम : प्रश्न मराठीत घडवा

इंग्रजी फॉर्म समोर धरून तोंडी भाषांतर करत विचारणं ताबडतोब थांबवा. प्रत्येक रेटर वेगळं वाक्य बोलतो, आणि फरक तिथेच सुरू होतो. प्रश्नावली ठरवून घेतल्याने काय साधतं, हे २००५च्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसलं : नेहमीच्या पद्धतीत कॅपा ०.२५, ठरावीक प्रश्नांनी मुलाखत घेतल्यावर ०.७४. नंतरच्या अभ्यासांतला लाभ इतका मोठा नव्हता, पण दिशा तीच राहिली.

एकाने मराठीत करावं, दुसऱ्याने ते न बघता परत इंग्रजीत करावं, फरक जुळवावेत, हे सगळे करतातच. खरं काम पुढे असतं. दहा-बारा रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना प्रश्न वाचून दाखवा आणि "तुम्हाला यातून काय कळलं?" असं विचारा. मराठीत फसवणारे शब्द असे सापडतात :

*आधार.* "आधाराने चालतात" हे उत्तर जसंच्या तसं कधीही स्वीकारू नका. काठीचा आधार, वॉकरचा आधार, भिंतीचा आधार असेल तर ३ किंवा त्याहून चांगलं. मुलाच्या खांद्याचा आधार असेल तर ४. एका शब्दात दोन पायऱ्या दडलेल्या आहेत. "चालताना दुसऱ्या माणसाने धरावं लागतं का?" असंच विचारा.

*बरं आहे.* "आता बरं आहे, देवाची कृपा" हा शिष्टाचार आहे. त्यावरून ० लिहू नका. हाताला मुंग्या, बोलताना शब्द अडकणं, वाचताना त्रास, तोल जाणं, गिळताना ठसका, हे एकेक नाव घेऊन विचारा.

*काम.* "काम करता का?" असं बाईला विचारलं की "नाही, मी घरीच असते" असं उत्तर येतं, आणि आठ माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईचं काम फॉर्मवरून पुसलं जातं. "आजारपणाआधी दिवसभरात काय काय करत होता?" इथून सुरू करा. आता ती फक्त चहा टाकू शकत असेल, तर ते पूर्वीचं सगळं जमणं नव्हे.

*अपंगत्व.* हा शब्द रुग्णापुढे वापरूच नका. काही जण दुखावतात, काही जण दाखल्याचा विचार करून उत्तर देतात. आजारालाही लोक "लकवा", "अंगावरून वारं गेलं", "पॅरालिसिसचा झटका" म्हणतात. त्यांचा शब्द ऐका आणि तोच धरून पुढे बोला.

दुसरं काम : रेटर तयार करा

डॉक्टर असणं पुरेसं नाही. माझा अनुभव असा की नीट शिकलेली फिजिओथेरपिस्ट घाईतल्या वरिष्ठ डॉक्टरपेक्षा चांगले गुण देते, कारण ती ऐकून घेते. प्रशिक्षणासाठी मुलाखतींचे व्हिडिओ लागतात. इंग्रजीतले मिळतात, पण मराठी घरातल्या मुलाखतीही हव्यात. त्या संमतीने चित्रित करा, दोन-तीन जाणत्यांनी मिळून त्यांचा गुण ठरवावा, आणि नव्या रेटरला तो कळू न देता गुण द्यायला लावा. सोपे रुग्ण घेऊ नका. २ की ३ आणि ३ की ४ असे अडकलेलेच निवडा. प्रमाणपत्र एकदा देऊन विषय संपत नाही. चाचणी तीन-चार वर्षं चालते आणि माणूस हळूहळू आपल्याच सवयीकडे सरकतो. दर वर्षी पुन्हा परीक्षा घ्या.

तिसरं काम : कोणता उपचार झाला हे रेटरला कळू देऊ नका

शस्त्रक्रिया किंवा पुनर्वसनाच्या चाचणीत रुग्णापासून उपचार लपवता येत नाही. म्हणून निदान गुण देणारा तरी अनभिज्ञ हवा. तो वॉर्डात फिरणारा नको, केस पेपर बघणारा नको. फोनवर पहिलंच वाक्य हे ठेवा : "रुग्णालयात कोणता उपचार झाला ते मला सांगू नका, ते मला माहीत नसलेलंच बरं." तरीही सांगितलं गेलं तर फॉर्मवर नोंदवा आणि शक्य असेल तर दुसऱ्या रेटरकडे द्या. मुलाखतीच्या शेवटी "तुमच्या मते हा कोणत्या गटातला?" हा रेटरचा अंदाजही लिहून घ्या. अंदाज वारंवार बरोबर येत असतील तर पडदा फाटलेला आहे.

भारतातली एटेंड चाचणी इथे विचारात घ्यावी. १४ रुग्णालयं, १,२५० रुग्ण, आणि उपचार म्हणजे घरच्यांनाच पुनर्वसन शिकवणं. २०१७ मध्ये निकाल आला : सहा महिन्यांनी मृत किंवा अवलंबून असलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के. अशा उपचारात कुटुंबाचा हात वाढतो, म्हणजे मिळणारी मदतही वाढू शकते. त्यामुळे मिळणारी आणि लागणारी मदत वेगळी करणं अशा चाचणीत सर्वांत कठीण आणि सर्वांत गरजेचं असतं, असं मला वाटतं.

चौथं काम : मुलाखत

नव्वदावा दिवस असेल तर त्याच्या आधीनंतर किती दिवस चालतील ते आधी ठरवा आणि दोन्ही गटांना तेच लावा. फोन करा किंवा समोर बसा, पण पद्धत रुग्णागणिक बदलू नका. फोनवर आधी रुग्णाशी बोला, मग घरच्यांशी. वाचा गेलेली असेल तर घरच्यांशीच बोलावं लागतं, पण रोज सोबत राहणाऱ्या माणसाशी. पुण्याहून महिन्यातून एकदा येणारा मुलगा प्रेमाने बोलतो, पण त्याला रात्रीचं काही माहीत नसतं.

प्रश्न खालच्या टोकापासून विचारा, म्हणजे ५ पासून वर या. वरून सुरुवात केली की गप्पांच्या भरात माणूस जितका बरा वाटतो तितका लिहिला जातो.

*५ की ४.* "अंथरुणाला खिळलेला" या शब्दांवर अडू नका. विचारा : "यांना दुपारी दोन-तीन तास घरात एकटं ठेवता येतं का?" अजिबातच येत नसेल, रात्रीही कुणी जवळ लागत असेल, तर ५. जवळचं माणूस नर्सच असायला हवं असं नाही.

*४ की ३.* चालणं, जेवणं, शौचालय, अंगाची स्वच्छता. भारतीय पद्धतीच्या संडासावर बसल्यावर उठवायला माणूस लागत असेल, तर ती शरीरधर्मातली मदत आहे. घरात कमोड बसवून घेतला आणि आता एकटे जातात, तर ती मदत नव्हे. साधन म्हणजे मदत नव्हे, माणूस म्हणजे मदत. पण माणसाने फक्त सांगत राहणं किंवा लक्ष ठेवून उभं राहणं हेही मदतीतच येतं, जर ते खरंच लागत असेल तर. घरचे भीतीपोटी मागे मागे चालत असतील तर विचारा : "गेल्या महिन्यात पडले का? तुम्ही मागे नसताना कधी चालले का? तेव्हा काय झालं?"

*३ की २.* सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, आणि बहुतेक चाचण्यांची सीमाही हीच असते, म्हणून इथे वेळ काढा. प्रश्नावली साधं जेवण बनवणं, घरातली कामं, पैशाचा हिशेब, खरेदी आणि जवळपासचा प्रवास याबद्दल विचारते. आपल्याकडे सत्तरीच्या पुरुषाने आयुष्यात चूल पेटवलेली नसते. "स्वयंपाक करता का?" याला तो "नाही" म्हणणार, आणि त्यावरून ३ लिहिणं अन्यायाचं आहे. विचारा : "घरातले सगळे चार दिवस लग्नाला गेले, तर तुम्ही डब्यातलं काढून, गरम करून खाल का? कोपऱ्यावरून दूध आणाल का? गोळ्या वेळेवर घ्याल का?" आणि लगेच दुसरा प्रश्न : "हे आजारपणाआधी तुम्ही करत होता का? आता करत नाही ते जमत नाही म्हणून, की कुणी करू देत नाही म्हणून?"

आता सुरुवातीच्या बाबांकडे या. "बँकेचं मुलगा बघतो" यावर रेटरने ३ दिले होते. पुढचा प्रश्न विचारला असता तर उत्तर आलं असतं : "ते आधीपासून तोच बघतो, मला मोबाइलवरचं कुठे कळतं." मग ते स्ट्रोकमुळे आलेलं परावलंबन नाही. उरलेलं सगळं ते एकटे करतात, पण आता शेतावर जाता येत नाही. बाबा २ मध्ये आहेत. सूनबाईंचा ४, दुसऱ्या फोनवरचा बाबांचा ३, आणि विचारपूस केल्यावर २. सूनबाई खोटं बोलल्या नव्हत्या. त्या खरंच सगळं करत होत्या.

*२, १, ०.* इथे पूर्वीशी तुलना करा. निवृत्त माणसाला नोकरीचं विचारून काही कळत नाही. नातवाला शाळेत सोडणं, भजनी मंडळ, गोठ्याचं काम, शिवणकाम, जे त्याचं होतं ते विचारा.

जुने गुडघे, जुनी दृष्टी, मधुमेहाने गेलेली बोटं यांचं काय? माझं मत स्पष्ट आहे : आजची मदतीची गरज कारण न शोधता मोजा. फोनवर बसून कोणता त्रास मेंदूचा आणि कोणता गुडघ्याचा हे ठरवणं अंदाजाचा खेळ होतो. याची भरपाई म्हणून दाखल होताना स्ट्रोकआधीची स्थिती त्याच प्रश्नांनी नोंदवून ठेवा. बाबांचा बँकेचा व्यवहार तेव्हाच लिहिलेला असेल तर नव्वदाव्या दिवशी तो स्मरणावर सोडावा लागत नाही.

सगळं विचारूनही दोन पायऱ्यांमध्ये अडकलात आणि पुढच्या प्रश्नाने काही उलगडणार नसेल, तर वाईट पायरी लिहा. हा प्रशिक्षणातला रूढ नियम आहे. तो सगळ्यांनी सारखा पाळला तरच उपयोगाचा आहे.

पाचवं काम : कारण लिहा, आवाज जपा

नुसता आकडा लिहिलेला फॉर्म परत पाठवा. "एकटे चालतात, काठी आहे. आंघोळ स्वतः. औषधं सून देते, विसरतात म्हणून. ३." इतक्या चार ओळी पुरतात, आणि त्या बघून तिसरा माणूस निर्णय तपासू शकतो.

संमती घेऊन मुलाखतींचं रेकॉर्डिंग करा आणि निदान एका ठरावीक वाट्याला दुसऱ्या रेटरने स्वतंत्र गुण द्यावेत. ग्लासगोच्या संशोधकांनी मुलाखतींचे व्हिडिओ एका ठिकाणी आणून समितीकडून गुण ठरवण्याची पद्धत रुजवली आहे. मोठ्या बहुकेंद्री चाचणीला ती परवडते. लहान चाचणीत दोन शहरांतल्या रेटरनी एकमेकांची रेकॉर्डिंग ऐकली तरी बराच कचरा निघतो. असहमती झाली की सरासरी काढू नका. २ आणि ३ ची सरासरी अडीच, आणि अडीच नावाची पायरी नाही. तिसऱ्याला ऐकवा, कारणासह ठरवा, आणि आधीचे दोन्ही गुण जपून ठेवा, कारण कॅपा त्यांच्यावरूनच काढायचा असतो.

विश्लेषण कसं करायचं, सीमा पाडायची की सगळ्या पायऱ्यांवर रुग्ण किती वरखाली सरकले ते बघायचं, हे संख्याशास्त्रज्ञाशी बसून आधीच ठरतं. पायऱ्या समान अंतरावर नाहीत एवढं ध्यानात असू द्या. रक्ताची गाठ काढण्याच्या उपचाराच्या, २०१८च्या डॉन चाचणीत प्रत्येक पायरीला रुग्णाच्या जगण्याच्या दृष्टीने दहापैकी वजन दिलं होतं : ० ला १०, १ ला ९.१, २ ला ७.६, ३ ला ६.५, ४ ला ३.३, ५ आणि ६ ला ०. तीनवरून चारवर घसरताना माणूस जितकं गमावतो, तितकं दुसऱ्या कुठल्याही दोन शेजारच्या पायऱ्यांमध्ये जात नाही, अपवाद फक्त चारवरून पाचचा. "आधार" या शब्दावर मी इतकी का अडते, ते यावरून कळेल.

हरवलेले रुग्ण

फोन लागला नाही म्हणून जागा कोरी राहिली, तर ती दोन्ही गटांत सारखी कोरी राहत नाही. मेलेल्याच्या घरी फोन उचलला जात नाही, आणि पूर्ण बरा झालेला ऊसतोडीला निघून गेलेला असतो. दाखल होतानाच तीन नंबर घ्या : घरातला, शेजाऱ्याचा, आणि गावातल्या आशाताई किंवा ओळखीच्या दुकानदाराचा, अर्थात रुग्णाच्या संमतीने. तिसाव्या दिवशी एक छोटा फोन नुसता नंबर चालू आहे का हे बघायला करा. डिस्चार्जच्या वेळची स्थिती नव्वदाव्या दिवसाच्या रकान्यात भरू नका.

फोनवर कधी वेगळंच कळतं. रक्त पातळ करणारी गोळी पैशाअभावी बंद केली, आजोबा रात्री रडतात, आई दोनदा न्हाणीत पडली. रेटरने तिथे सल्ला देऊ नये, कारण सल्ल्याच्या ओघात उपचाराचा विषय निघतो. पण ऐकून फोन ठेवूनही देऊ नये. "हे मी तुमच्या डॉक्टरांच्या कानावर आजच घालते" असं सांगा, फॉर्मच्या वेगळ्या रकान्यात लिहा आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. मगच पुढचा नंबर फिरवा.